गरोदरपणात नैराश्याची गोळी: चालू की बंद?

कोथरूडमध्ये मुलीला दिवस गेल्याचं कळलं की घरातलं पहिलं फर्मान ठरलेलं: “आता त्या डोक्याच्या गोळ्या बंद.” आयर्न-कॅल्शियमच्या पाकिटांशेजारची सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची पट्टी गुपचूप ड्रॉवरमध्ये जाते.

भीती अगदीच खोटी नाही. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ३७ आठवड्यांआधी प्रसूती होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. पण उपचार न केलेल्या नैराश्यातही ते वाढलेलं आढळतं. भूक मरते, झोप उडते, सोनोग्राफीच्या तारखा चुकतात. मग दोष गोळीचा किती नि आजाराचा किती, हे वेगळं काढणं अवघड. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असली तर काही बाळं सुरुवातीचे दिवस किरकिरी, थरथरती असतात. बहुतेकांचं आपोआप निवळतं.

बंद करण्याची किंमत मात्र कुणी मोजत नाही. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात गोळी सोडलेल्यांपैकी ६८ टक्के गर्भवतींचं नैराश्य पुन्हा उफाळून आलं, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांचं. एकदम सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, ते वेगळंच. (आणि हे सगळं सासूबाई ‘डोहाळे’ म्हणून खपवणार!)

सौम्य आजारात समुपदेशनावर भागू शकतं, तेव्हा हळूहळू कमी करणं रास्त. पूर्वी आत्महत्येचे विचार येऊन गेले असतील, तर माझं झुकतं माप चालू ठेवण्याकडेच. नैराश्यावरची गोळी पॅरॉक्सेटिन असेल तर दिवस राहण्याआधीच मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावं, आणि त्यांची चिठ्ठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फाइलला लावून ठेवावी.