आठ आणि शून्यातला फरक: ३८,५०० रुपये

पुण्याहून येताना आनेवाडीचा टोलनाका ओलांडला आणि इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी डिझेल, २०२१ची, बीएस-६. पळत नीट होती. पण बरोबर बायको-मुलं, त्यात अंधार पडत आलेला, म्हणून साताऱ्यात शिरायच्या आधीच हायवेलगतच्या एका चकाचक गॅरेजात घातली.

शेठनी स्वतः स्कॅनर (गाडीच्या बिघाडाचा कोड दाखवणारं यंत्र) लावला. दोन मिनिटांत निकाल. "सर, पी०४२०. कॅट गेलाय. असंच चालवलं तर डीपीएफ चोक होणार, मग खर्च लाखात." मी स्क्रीनचा फोटो काढला, पण वाचला नाही. बँकेच्या काउंटरवर रोज 'सही करण्याआधी वाचा हो' म्हणून ओरडणारा मी!

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनातून येणारा धूर स्वच्छ करणारा डबा. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम असले महागडे धातू चढवलेले असतात, त्यामुळे जुना डबासुद्धा चांगल्या भावानं विकला जातो. हे मला नंतर कळलं. गाडी घ्यायला गेलो तेव्हा जुना माल मागितला, तर "तो भंगारात गेला, सर, तुम्ही काय करणार त्याचं?" असं हसत हसत उत्तर. ३८,५०० रुपये दिले. त्यातले २०,००० रोख, कारण "जीएसटी वाचेल तुमचा". बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद.

नवव्या दिवशी दिवा परत लागला.

शेठ म्हणाले, "आता डीपीएफ बघावा लागेल." तिथं माझी खोपडी सरकली. गोडोलीत एक वायरमन मामा आहेत, जुन्या जीपगाड्यांपासून वायरिंग करत आलेले. त्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "सायेब, हा शून्य न्हाई. आठ हाय."

पी०४२० म्हणजे कॅट धूर नीट साफ करत नाही. पी०४२८ म्हणजे कॅटच्या तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल नको तितका वर गेलाय. म्हणजे तक्रार डब्याची नव्हतीच, त्याचा ताप मोजणाऱ्या सेन्सरची किंवा त्याच्या वायरची होती. शेठनी चुकून वाचलं की मुद्दाम, ते त्यांनाच ठाऊक. मला तर मुद्दामच वाटतं.

मामांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी सातला बोलावलं. इंजिन गार, चालू न करता नुसती चावी फिरवली. स्कॅनरवर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) २२ अंश, आणि कॅटचं तापमान हजाराच्या आसपास! "रातभर हुबी गाडी. कॅट काय भट्टी हाय व्हय?" गार गाडीत दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. इतकी साधी परीक्षा, गॅरेजात कुणी केली नव्हती. मग सेन्सरचा कपलर (वायरचा जोड) सोडून मल्टिमीटर लावला. २१७ ओहम. माझ्या गाडीतला सेन्सर प्लॅटिनमचा, गारव्यात दोनशेच्या थोडं वरच दाखवतो, म्हणजे तो ठणठणीत. (सगळ्या गाड्यांना हाच आकडा लावू नका, काही सेन्सर गार असताना याच्या कितीतरी पट दाखवतात.)

उरली वायर. मामा टॉर्च घेऊन खाली सरकले आणि थोड्या वेळानं बोटांत वायर धरून मला वाकायला सांगितलं. वरचं प्लास्टिक कुरतडलेलं, बारीक दातांच्या खुणा स्पष्ट, आतली तार तुटलेली. आमचं घर कोरेगाव रस्त्याला, मागं ऊस. तोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडं पळतात आणि रात्री बॉनेटखाली उबेला बसतात. तार आधी एक-दोन धाग्यांवर टिकून असणार. गॅरेजात कोड पुसल्यावर दिवा नऊ दिवस गप्प राहिला तो त्यामुळं, नव्या डब्यामुळं नव्हे.

तार जोडून वर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवायचे ३५० रुपये झाले. आकडा पुन्हा कूलंटच्या जोडीला आला. बसवलेल्या 'नव्या' कॅटवर कंपनीचा नंबर नाही, हेही मामांनीच दाखवलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडं वहीचा कागद, १८,५०० रुपयांचा यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो फोटो आहे. तेवढ्यावर तक्रार नोंदवली. रोख दिलेल्या २०,०००चा पुरावा कुठून आणू? जुना कॅट मागायला दोनदा गॅरेजात जाऊन आलो. दोन्ही वेळा पोऱ्या म्हणाला, शेठ कोल्हापूरला गेलेत. दोन्ही वेळा शेठची गाडी दारातच होती.