बीटी कपाशीची स्ट्रिप किट: कामाची, पण अर्धंच सांगणारी

जळगाव-धुळ्याकडे कपाशीचं बियाणं बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारं, आहे का हे तपासायला ही किट सोयीची आहे. कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा नळीत टाका, सोबतचा बफर (द्रावण) घालून चुरडा, स्ट्रिप बुडवून माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबा. चाचणी नीट झाल्याचं दाखवणारी वरची कंट्रोल रेघ उमटलीच नाही तर चाचणी बाद. पान जास्त झालं की रस घट्ट होतो, वर चढत नाही. बहुतेक चुका इथेच होतात. जून पानात प्रथिन कमी असल्यानं रेघ फिकी येते. स्ट्रिपला ओल आणि मे महिन्यातलं खान्देशी ऊन दोन्ही सोसत नाही, पाकीट ऐनवेळीच फोडा.

किट जनुक पाहत नाही, त्यानं बनवलेलं प्रथिन पाहते. बीजी-२ (दोन बीटी जनुकं असलेली कपाशी) साठी क्राय१एसी आणि क्राय२एबी या दोन्ही प्रथिनांच्या रेघा हव्यात. जनुकच तपासायचं तर पीसीआर (प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी) लागतो. आणि एका बियाण्यावरून दुकानदाराशी भांडू नका: पाकिटात ५ ते १० टक्के बिगर-बीटी बी मुद्दाम मिसळलेलं असतं. निदान वीस-पंचवीस रोपं वेगवेगळी तपासा. दोन्ही रेघा ठसठशीत आल्या तरी गुलाबी बोंडअळी येऊ शकते. तिच्यात प्रतिकारशक्ती आली आहे, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) लावावेच लागतील.