गिअरबॉक्स गेला सांगून सव्वा लाख घेतले, दोष निघाला एका वायरीत

मंडळी, हे लिहायला दोन महिने लागले, कारण आधी डोकं शांत होत नव्हतं. पण परवा आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एकाला त्याच प्रकारे "गिअरबॉक्स खोलावा लागेल" असं सांगितल्याचं कळलं आणि म्हटलं आता लिहायचंच. गॅरेजचं नाव देत नाही कारण केस चालू आहे. धुळ्याचं आहे एवढंच सांगतो.

मी चाळीसगावचा. गाडी माझी सेकंडहँड ऑटोमॅटिक सेदान, टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग असलेला) सहा गिअरचा बॉक्स, आईला महिन्यातून दोनदा तपासणीला संभाजीनगरला न्यावं लागतं म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली, कन्नड घाटात क्लच दाबून दाबून माझा गुडघा धरायचा. तीन वर्षं काही तक्रार नाही. एप्रिलमध्ये घाट चढताना, आई मागे झोपलेली, अचानक एक धक्का बसला, मीटरवर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, पाय दिला की नुसती घोंगावते, ओढत नाही. मागून हॉर्न वाजताहेत, कशीबशी कडेला घेतली, बंद करून पाच मिनिटांनी चालू केली तर एकदम नॉर्मल, जसं काही झालंच नाही! मग आठवड्यातून एकदा, कधी दोनदा असं व्हायला लागलं. कधी घाटात, कधी गावातल्या खड्ड्यात. गाव ते धुळे सपाट रस्त्याला मात्र एकदाही नाही. ही गोष्ट मी त्या गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितली होती, हे लक्षात ठेवा.

याला लिंप मोड म्हणतात हे मला नंतर कळलं. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरचा सिग्नल बरोबर मिळाला नाही की तो बॉक्स वाचवायला एक ठराविक गिअर धरून बसतो, माझ्या गाडीत तिसरा. चावी बंद-चालू केली की बऱ्याचदा सुटतो. म्हणजे लिंप मोड लागला याचा अर्थ आतलं काही जळालं असाच नसतो.

धुळ्याच्या गॅरेजला स्कॅनर लावला, पी०७१५ कोड आला. मालक म्हणाला, "भाऊ, गिअरबॉक्सचाच कोड आहे, क्लच प्लेटा गेल्या, असंच चालवलं तर टॉर्क कन्व्हर्टर पण जाईल, मग अडीच लाखाच्या खाली काम नाही." मी विचारलं की मग कधी होतं कधी होत नाही असं का, तर म्हणाला गरम झालं की सरकतात. मे महिना, आपल्याकडे पारा ४४-४५ वर, मला पटलं. १,३५,००० सांगितले, १,२५,००० वर तुटलं. घरात ठेवलेला कापूस भाव वाढेल म्हणून थांबवला होता, तो काढला, ७५,००० ॲडव्हान्स दिले. यूपीआयने दिले पण नंबर गॅरेजच्या नावावर नव्हता, त्याच्या भाच्याच्या नावावर होता. तेव्हा लक्ष दिलं नाही.

नवव्या दिवशी बोलावलं. ट्रेमध्ये काळ्या जळलेल्या प्लेटा दाखवल्या, नाकाजवळ धरून वास घ्यायला लावला, "बघा, हे तुमचं निघालं." खरंच जळका वास येत होता. उरलेले ५०,००० दिले, लेटरपॅडवर हाताने लिहिलेलं बिल मिळालं, जीएसटी नंबर नाही, "ओव्हरहॉल + ७ लिटर एटीएफ" (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) एवढंच. प्लेटा पिशवीत मागितल्या तर "त्या कंपनीला परत पाठवाव्या लागतात" म्हणाला. कुठल्या कंपनीला, कशाला, हे मी विचारायला हवं होतं.

तीन आठवडे गाडी झकास चालली. मग जूनमध्ये घाटात, त्याच वळणापाशी, पुन्हा तोच धक्का. फोन केला तर म्हणे आता व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग) बघावी लागेल, ४५,००० अजून.

यावेळी मी थांबलो. मेव्हणा जळगावला असतो, त्याने अजिंठा चौफुलीच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेलं, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी बॉनेट उघडायच्या आधी मला एकच विचारलं, हे चालू व्हायच्या अगोदर गाडीला शेवटचं काम काय केलं? मी म्हटलं काही नाही, मार्चमध्ये फक्त बॅटरी बदलली. ते नुसतं "हं" म्हणाले.

मग स्कॅनर लावला. तोच कोड, पी०७१५. पण त्यांनी मला समजावून सांगितलं की हा कोड इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा आहे, सर्किट म्हणजे सेन्सर, कनेक्टर आणि वायर सगळं आलं, प्लेटांचं नाव त्यात कुठेच नाही. कोड पडला त्या क्षणाची नोंदही गाडीत साठवलेली असते, ती काढली: वेग ३८, इंजिन २,३०० आरपीएम, ऑइलचं तापमान ९२. म्हणजे ऑइल नेहमीपेक्षा जास्त तापलेलंही नव्हतं. "गरम झालं की सरकतात" ही थाप तिथेच उघडी पडली.

त्यानंतर गाडी पार्कमध्ये उभी, इंजिन आयडलवर, स्क्रीनवर दोन आकडे: इंजिन ७२०, गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट ७००. आप्पांचा पोरगा बॅटरीच्या ट्रेखाली हात घालून वायरीचा जुडगा हळूहळू बोटभर-बोटभर हलवत गेला. एका जागी शाफ्टचा आकडा ७०० वरून एकदम शून्य. पुन्हा ७००. पुन्हा शून्य. इंजिनचा आकडा जागचा हलला नाही. आप्पा म्हणाले, फिरणारा शाफ्ट असा पापणी लवायच्या आत थांबत नाही, थांबतो तो सिग्नल. मला ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे, कारण त्या क्षणी कळलं की सव्वा लाख कुठे गेले.

ट्रे काढला. बॅटरी बदलणाऱ्याने जुडगा धरणारी क्लिप परत लावलीच नव्हती, जुडगा पत्र्याच्या कडेवर टेकलेला. एका वायरीचं प्लास्टिक घासून गेलेलं, आत तांब्याच्या तारा हिरवट पडलेल्या, दोन-तीन धागे तेवढे जोडलेले. चढावर जोर लागला की इंजिन जरा झुकतं, खड्ड्यात आदळतं, तेव्हा धागे सुटायचे. सपाट रस्त्याला सुटत नव्हते. खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर केली, वरून स्लीव्ह, नवी क्लिप. १,२०० रुपये. अर्धा दिवस.

मी विचारलं, आप्पा, मग गिअरबॉक्स खोलला होता की नाही ते कळेल का? त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या चाकाचा मधला मोठा नट असतो ना, त्याची कड कंपनीतून खाचेत ठोकून बसवलेली असते, नट फिरवला की ती ठोक मोडतेच. माझ्या गाडीत बॉक्स उतरवायचा तर ॲक्सल काढावेच लागतात, आणि त्यासाठी हा नट. दोन्ही बाजूंची ठोक जशीच्या तशी, गंजलेली. बॉक्सच्या खालच्या पॅनच्या बोल्टांवर कंपनीचा पिवळा ठिपका, एकही तुटलेला नाही, वर आपल्या काळ्या मातीचा थर. आणि लेव्हल प्लगमधून (ऑइलची पातळी बघायचा बोल्ट) काढलेलं ऑइल गडद तपकिरी, नवं असतं तर लालसर निघालं असतं. आप्पांनी नटावर बोट ठेवलं, "हाऊ नट आजपावत कोनी खोलेल नई शे, भाऊ."

म्हणजे नऊ दिवस गाडी नुसती उभी होती. कोड डिलीट केला असेल, बॅटरी काढून बसवताना जुडगा जरा सरकला असेल, त्यावरच तीन आठवडे निघाले. प्लेटा कुणा दुसऱ्याच्या.

सगळ्याचे फोटो तारखेसकट काढले, व्हिडिओ केला, आप्पांनी काय सापडलं ते लेखी दिलं. आता ज्यांची ऑटोमॅटिक अशी कधीमधी अडकते त्यांना हात जोडून सांगतो: कोडचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घ्या, कोड उडवू देऊ नका, कधी कधी झालं ते तारीख-जागेसकट लिहून ठेवा, बॉक्स उतरवायला परवानगी द्यायच्या आधी वायर, कनेक्टर आणि बॅटरीचा व्होल्टेज तपासून घ्या. खोलायचाच झाला तर उतरवताना समोर उभे राहा, निदान नट आणि बोल्टांचे आधीचे फोटो तरी काढा. आणि पक्कं बिल, पैसे गॅरेजच्याच खात्यावर.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली. तिथून गॅरेजला विचारणा गेल्यावर मालकाचा फोन आला, भाऊ घरातली गोष्ट घरात मिटवू, ४०,००० देतो. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली, ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, मुदत २ वर्षांची असते. कच्च्या बिलामुळे जरा जड जाणार आहे असं वकील म्हणाले, पण यूपीआयची नोंद आणि फोटो आहेत.

त्यानंतर आईला घेऊन चार वेळा घाट चढलो. गाडी एकदाही अडकली नाही. आई मात्र त्या वळणापाशी आली की अजून जागी होते आणि पुढच्या सीटला हात लावून बसते.