जुन्या पार्टवर ताजा काळा रंग दिसला की सावध व्हा

गाडीचे जुने पार्ट घेणाऱ्यांना, खास करून कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊन घेणाऱ्यांना एकच सांगायचंय, गंजलेला पार्ट घ्या पण रंगवलेला घेऊ नका. ऐकायला उलटं वाटेल, पण माझ्याबरोबर काय झालं ते वाचा.

आमची वॅगनआर २००५ची, पंधरा वर्षं झाल्यावर रीतसर पासिंग करून पुढे रिन्यू केलेली, घरातली सगळ्यांची लाडकी. खड्ड्यात आपटून पुढचा डावा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा पार्ट, वाकला म्हणून कुर्ल्याला गेलो. दुकानदाराने दोन-तीन गंजके आर्म बाजूला सारले आणि आतून एक काळाभोर चकचकीत काढला, म्हणाला "साफ करके कलर मारा है साहब, आँख बंद करके लगाओ". बाराशे रुपये यूपीआयने दिले, बिल मागितलं तर म्हणे जुन्या मालाला बिल नसतं.

आमच्याकडे गॅरेज नाही, असली कामं मी सेक्रेटरींना विचारून बिल्डिंगच्या गच्चीवर करतो, खाली जुने पेपर अंथरायचे, वायर ब्रश, पॉलिश पेपर, प्रायमरचा डबा, झालं. या आर्मचा रंग हाताला चिकट लागत होता आणि बुश (सांध्यातला रबरी तुकडा) बसतो त्या जागेजवळ थोडा फुगवटा होता, म्हणून म्हटलं फिट करायच्या आधी सगळं खरवडून नीट रेड ऑक्साइड प्रायमर मारू. ब्रश फिरवला तसे रंगाचे पापुद्रे निघाले, त्याखाली गंज तसाच, आणि फुगवटा होता तिथे स्क्रूड्रायव्हर लावला तर राखाडी पुट्टीचा आख्खा खपलाच हातात आला, डेंटिंगवाले भरतात ती पुट्टी, आणि खाली पत्रा खाऊन बोट जाईल एवढं भोक!

हा पार्ट म्हणजे सीट कव्हर नाही हो, चाक जागेवर धरून ठेवणारी गोष्ट आहे. हायवेला भर स्पीडमध्ये तो तुटला असता तर चाक आडवं होऊन गाडी कुठे गेली असती सांगता येत नाही, आणि मागच्या सीटवर आई बसते माझी. बाराशे रुपये गेले त्याचं एवढं काही नाही पण भोक बुजवून वर रंग मारणाऱ्या माणसाला हे माहीत होतं, याचा मला आजही संताप येतो.

परत घेऊन गेलो तर म्हणतो आमच्याकडून नेला तेव्हा चांगला होता, तुम्हीच घासून खराब केलात. तिथले सगळे असे नाहीत हेही सांगतो, शेजारच्याच एकाने गंजका आर्म हातात देऊन "बघून घ्या, ठोकून घ्या" म्हटलं होतं.

आता हे कसं ओळखायचं ते. खिशात साधं लोहचुंबक ठेवा, लोखंडावर ते घट्ट बसतं, पुट्टीच्या जाड थरावर ढिलं पडतं किंवा चिकटतच नाही. पान्याने ठोकून बघा, चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला भद्द वाजतो. लालसर भुकटीसारखा वरवरचा गंज असेल तर घाबरायचं कारण नाही, तो निघतो, पण पापुद्रे सुटत असतील, खोल खड्डे दिसत असतील तर तो पार्ट गेला. आणि मुंबईत समुद्राची खारी हवा, त्यात दर पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवेला गाड्या पाण्यात उभ्या राहतात, असल्या गाडीचा पार्ट बाहेरून पुसून ठेवला तरी आतल्या सांध्यांत गंज बसलेला असू शकतो. गंज न काढता रंग मारला तर आत ओल आणि मीठ अडकतं आणि लोखंड खाल्लं जाणं चालूच राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

गंजका घेऊन घरी साफ करणं अवघड नाही. आधी रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस काढायचं, मग भांड्याच्या साबणाने धुवायचं, मग वायर ब्रश आणि ८० नंबरचा पेपर. छोटे ब्रॅकेट, क्लॅम्प वगैरे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवले की गंज सुटतो, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करा, हेअर ड्रायर चालतो, कारण आपल्या दमट हवेत उघडं लोखंड बघता बघता परत लाल पडतं, त्यामुळे सुकलं की तेव्हाच प्रायमर. संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको, धूर छातीत जातो आणि स्प्रिंग किंवा हाय टेन्साइल (जास्त ताकदीचे) बोल्ट त्याने ठिसूळ होऊ शकतात. रंगाचे पातळ पातळ हात द्या, बोल्टचे आटे आणि जिथे पार्ट दुसऱ्या पार्टला टेकतो त्या जागा टेप लावून मोकळ्या ठेवा, ब्रेक डिस्कच्या घासणाऱ्या भागाला रंग कधीच नाही. पाऊस लागलेला असताना रंगकाम करूच नका, रंग पांढुरका पडतो.

पण सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेकचं काही असेल तर माझं स्पष्ट मत, नवीनच घ्या, मीही शेवटी नवीन आर्म टाकला.

आणि बिलाचं, बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, दुकानदार काहीही सांगो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी फी लागत नाही. कुणाला असा पार्ट मिळालाच तर पुट्टी पूर्ण काढून टाकू नका, अर्धी तशीच राहू द्या, खरवडायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो काढा आणि यूपीआयच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट त्यांच्यासोबत ठेवा.