बाळंतपण कुठे करायचं? पेठेतलं नर्सिंग होम, मोठं हॉस्पिटल, सरकारी की मिडवाइफ

नणंदेला सातवा लागलाय. राहते वाकडला, माहेर म्हणजे आमचं घर नारायण पेठेत, आणि तिच्या नवऱ्याने एक्सेल शीट केलीये. कॉलम असे: पॅकेज किती, अंतर किती, रूम कशी, पार्किंग आहे का. पार्किंगला अख्खा कॉलम! मला म्हणाली, वहिनी तुझं एक छोट्या ठिकाणी झालं आणि एक मोठ्या, तूच सांग काय ते. तर हे तिच्यासाठी, आणि ज्यांचं असंच तळ्यात-मळ्यात चाललंय त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही, वाचायची खोड असलेली दोन पोरांची आई आहे, तेवढंच वजन द्या.

पहिली गोष्ट, हा एक निर्णय नाहीये, दोन आहेत. कळांचे बारा-अठरा तास कुठे काढायचे हा एक, आणि नंतरचा सव्वा महिना कुठे आणि कोणाच्या जिवावर काढायचा हा दुसरा. शीटमध्ये दुसऱ्यासाठी एक ओळसुद्धा नाही.

आधी ते तास. "पूर्वी घरीच व्हायची की सगळी" असं ऐकवणारे एक काका प्रत्येक घरात असतात. माझी आजी मुळशीतली, सात बाळंतपणं, सगळी घरात सुईणीच्या हातची. विचारलं की म्हणायची "सात झाली, पाच ऱ्हायली", भाजीचा हिशोब सांगावा तशा आवाजात. त्यातलं एक सहाव्या दिवशी दूध ओढेना, मग जबडा आवळला, अंग ताठ झालं आणि गेलं. घरात म्हणाले सटवाईने नेलं. आता लक्षणं ऐकून कुठलाही डॉक्टर सांगेल की तो धनुर्वात, नाळ विळ्याने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं, त्यातून आत गेलेला. तो साधारण आठवड्याच्या आसपासच उठतो, म्हणून पाचवीच्या रात्री बायका जागत बसायच्या याचं मला आता नवल वाटत नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं आणि स्वच्छ ब्लेड, मुख्यतः एवढ्यावर तो हटला. नवजात बाळांचा धनुर्वात देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात हजारात एकाच्याही खाली आला हे जाहीर व्हायला २०१५ उजाडलं.

आणि घर सगळ्यांसाठी सुरक्षित होतं असंही नाही. विधवा बाईला दिवस गेले तर तिला सगळ्यात मोठा धोका घरातूनच असायचा. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवून जा, कोणी काही विचारणार नाही. तिथेच १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. बाईने बाळंत कुठे व्हायचं हा प्रश्न आपल्या शहरात तेव्हापासूनचा आहे, आणि तेव्हाही तो नुसत्या औषधांचा नव्हता.

पण म्हणून हॉस्पिटल म्हणजे सुरक्षित असं सरळ गणित पण नाही हां. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात १८४० च्या दशकात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. इमारत तीच, पेशंट त्याच प्रकारच्या गरीब बाया. डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या दहाच्या आसपास बाया बाळंतरोगाने, म्हणजे बाळंतपणानंतरच्या तापाने, जायच्या, सुईणींच्या विभागात चारच्या आत. बायांना हे माहीत होतं, पहिल्या विभागात घालू नका म्हणून हातापाया पडायच्या, काहीजणी तर मुद्दाम रस्त्यात बाळंत होऊन मग यायच्या आणि त्यासुद्धा कमी मरायच्या! सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोधलं की शिकाऊ डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच लेबर रूममध्ये येतात. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं, एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मरण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं. आणि बाकीच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला वेड्यात काढलं, कारण आमचे हात घाण असतात असं कोण कबूल करणार?

सांगायचं काय, पाटी बघू नका, त्या खोलीत कोण असणार आणि काय करणार ते बघा.

माझं पहिलं पेठेतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये. डॉक्टरीणबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या, रात्री गाऊनवर चार वेळा खाली येऊन गेल्या. आई सतत शेजारी, कंबर चोळत, मी कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत, खिडकीचे गज धरून कळा काढत. नॉर्मल झालं. पण बाळाने पोटातच शी केली होती, श्वास भरभर चालला होता आणि तिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नव्हता. रात्री अडीचला अँब्युलन्स, बाळ आणि बाबा एका दवाखान्यात आणि मी टाके घातलेली दुसऱ्या. चार दिवस मी बाळाचा फक्त फोटो बघत होते. आता ते बाळ चौथीत आहे आणि प्रचंड वात्रट आहे, पण ती अँब्युलन्स डोक्यातून जात नाही.

त्या धसक्याने दुसरं मोठ्या हॉस्पिटलात केलं. सगळं होतं, रक्त, एनआयसीयू, भूलतज्ज्ञ चोवीस तास. आणि सहा तास मी एकटी, पोटाला पट्टे बांधून उताणी, आई बाहेर खुर्चीत. शिफ्ट बदलली की नवीन डॉक्टर, दर तासाला गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते बघायचं, "अजून एक सेंटीमीटर पण नाही झालं" आणि ड्रिप वाढव. शेवटी न विचारता खालची जागा कापली. घरी येऊन वाचलं तर डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१८ सालीच सांगितलंय की जोराच्या कळा ५ सेंटीमीटरपासून धरा, तासाला एक हा नियम सगळ्या बायांना लागू नाही, बाईला हवं तसं उठूबसू द्या आणि तिला हवं ते माणूस जवळ असू द्या. आजीची सुईण दुसरं काय करायची! उकिडवं बसवायची, दोरी धरायला द्यायची, आणि सोडून जायची नाही.

सिझरचं म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या खाजगी दवाखान्यांत ४७ टक्के आणि सरकारीत १४ टक्के सिझर होती. एवढा फरक नुसत्या बायकांच्या अंगकाठीचा असूच शकत नाही. पण लगेच सिझर म्हणजे लूट असंही धरू नका, सिझर वेळेवर न मिळाल्याने गेलेल्या बायांचीही मोजदाद असते.

आता मिडवाइफवाली, म्हणजे शिकलेल्या सुईणींची, सेंटर्स, ज्याचं नणंदेला फार आकर्षण आहे, पाण्याचा टब वगैरे. इंग्लंडमध्ये २०११ साली धोका नसलेल्या ६४ हजारांवर बाळंतपणांचा मोठा अभ्यास आला. मिडवाइफच्या सेंटरमध्ये बाळांना जास्त धोका दिसला नाही आणि चिमटे, सिझर, कापाकापी बरीच कमी. घरी मात्र पहिलटकरणींच्या बाळांना धोका जास्त दिसला, हजारात ५ च्या जागी ९, दुसरटकरणींना नाही. आणि सेंटर असो की घर, पहिलटकरणींपैकी शंभरातल्या ३५ ते ४५ जणींना मधेच हॉस्पिटलला हलवावं लागलं. तिथे मिडवाइफ सरकारी व्यवस्थेतलीच असते, हॉस्पिटलला तिची खबर असते. आपल्याकडे टबचे फोटो बघण्याआधी विचारा की हलवायची वेळ आली तर कुठे, कोणत्या डॉक्टरांकडे, किती मिनिटांत. उत्तर गोलगोल आलं तर उठा.

सरकारीला नाक मुरडू नका. ससूनला अवघड केसेस जिल्हाभरातून येतात, म्हणजे हात तिथे बसलेले असतात, आणि जननी शिशु सुरक्षा योजनेत सिझरसकट सगळं मोफत असतं. गर्दी असते, एकांत विसरा. पैशाची ओढाताण असेल किंवा बीपी-शुगरची भानगड असेल तर मी तिथेच जाईन. मेडिक्लेमच्या भरवशावर असाल तर पॉलिसी आधी वाचा, बाळंतपणाला बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, सातव्यात काढून काही उपयोग नाही.

माझ्या मते शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा कॉलम रक्ताचा. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त फिरत असतं. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर मॅनेजरला फोन करण्याइतकाही वेळ नसतो. म्हणून विचारा: रक्त कुठून येतं, भूलतज्ज्ञ आत असतो की बोलवावा लागतो, रात्री तीनला सिझर ठरलं तर टेबलवर घ्यायला किती मिनिटं, एनआयसीयू कुठे, आई किंवा नवरा आत चालेल का, चालू-फिरू देता का. रूमचं काय, दोन दिवस राहायचं असतं.

आता सव्वा महिना. इथे मात्र जुनं बरंचसं बरोबर निघालं, आणि आपण एकटेच नाही. चिनी बायका महिनाभर गार पाण्याला हात लावत नाहीत, आलं घालून रस्से पितात. कोरियात समुद्रशेवाळाचं सूप, आणि आता तर बाळंतिणींसाठी वेगळी केंद्रं आहेत, दोन आठवडे आई-बाळ तिथेच. मेक्सिकोत चाळीस दिवस. जपानात तर बाळंतपणाला माहेरी जायची आपल्यासारखीच रीत आहे. नेदरलँड्समध्ये शिकलेली बाई आठवडाभर घरी येते, आईचे टाके बघते, बाळाचं वजन घेते, दूध पाजायला शिकवते, आणि त्या बाईची कंबर मोडू नये म्हणून पलंगाखाली ठोकळे लावून ठेवायचे असतात. हे वाचून मला आपली मालीशवाली बाई आठवली, पाटावर बसून पायावर बाळ आडवं घेणारी. तिच्या कमरेचा विचार आपण कधी केलाय?

मालीश, गरम पाणी, डिंकाचे-अळिवाचे लाडू, कोणीतरी आयतं ताट देणं, पाहुण्यांना बारशापर्यंत लांब ठेवणं, हे सगळं घ्या. शेक घ्या पण दारं-खिडक्या बंद करून निखारे नकोत, तो धूर बाळाला आणि तुम्हाला दोघांना घातक. घुटीबद्दल सासूबाईंशी माझं दोनदा वाजलंय, सहा महिने फक्त अंगावरचं दूध यावर मी ठाम. आणि पहिलं पिवळं चिकाचं दूध टाकून द्यायचं नाही, त्याबाबतीत आजीचं चुकलं होतं.

आमच्या नणंदेची तारीख ऐन गणपतीत येतेय. अनंत चतुर्दशीला वाकडहून पेठेत गाडी आणणं म्हणजे मिरवणुकीत ताशा पथकामागे बाळंत होणं. म्हणून शेवटी असं ठरलं की तास तिकडे, वाकडजवळच्या ज्या हॉस्पिटलने रक्ताचं आणि रात्री तीनचं उत्तर सरळ दिलं आणि आईला आत घेऊ म्हणाले तिथे, आणि रस्ते उघडले की सव्वा महिना इकडे, पेठेत. सासूबाईंचं यावर एकच म्हणणं आहे की ओली बाळंतीण आमच्या वाड्याचा तो उभा लाकडी जिना चढणार कशी, आणि माझे हे म्हणतायत खुर्चीत बसवून नेऊ, ज्यांनी आजवर गॅसचं सिलिंडर पण वर नेलेलं नाही.