हॅनाचा फॉस्फेट चेकर: आठ महिने वापरल्यावर

राजारामपुरीतल्या आमच्या हॉलमध्ये २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँक आहे. फॉस्फेट मी आधी रंग जुळवायच्या किटवर मोजायचो. ट्यूबलाइटखाली फिकट निळ्या छटांत फरकच कळायचा नाही. जास्तच असणार असं धरून फॉस्फेट शोषणारी मीडिया टाकत राहिलो. हॅमर कोरल आक्रसला, वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेल्या तारा आल्या. डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे त्रासदायक सूक्ष्मजीव! फॉस्फेट थोडं तरी लागतंच, आणि मी पाण्यातलं ते अन्नच संपवलं होतं.

मग हॅना कंपनीचा हा एचआय७७४, म्हणजे फॉस्फेटचा आकडा दाखवणारा छोटा मीटर घेतला. १० मिली टँकचं पाणी घालून आधी शून्य करायचं, मग सोबतच्या रसायनाची पुडी टाकून दोन मिनिटं हलवायचं, तीन मिनिटांनी आकडा. ०.०० ते ०.९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत किती भाग) वाचतो. पहिलं रीडिंग ०.००. मीडिया त्याच दिवशी काढली, माशांचं खाणं वाढवलं. आता ०.०६ च्या आसपास, नायट्रेट ८. हॅमर पुन्हा फुललाय, सकाळी बघत बसतो.

काचेची बाटली मात्र प्रत्येक वेळी मऊ कापडानं पुसा. बोटाचा ठसा किंवा न विरघळलेली पावडर राहिली की आकडा चुकतो. शिवाय अचूकता ±०.०२ आहे, म्हणून एका रीडिंगवर औषध ओतू नका, वहीत चार आठवडे लिहा आणि कल बघा. पुड्या माझ्या नेहमीच्या दुकानात नसतात, एकदम २५ मागवतो.

केएचसाठी (पाण्याची क्षारता) थेंबांचं किटच पुरतं. तो मी ८.५ वर धरतो.