सीटॅग्ज की सीस्कोप?

दोन्ही प्रोग्रामच्या कोडमध्ये वाट शोधून देणारी साधनं. सीटॅग्ज सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचून एक साधी टेक्स्ट फाइल बनवतं: फंक्शन वगैरेचं नाव, ते जिथे आहे ती फाइल आणि ती ओळ शोधायचा पॅटर्न. विम या टेक्स्ट एडिटरमध्ये नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि बंद होणारा चौकोनी कंस दाबला की ते जिथे लिहिलंय त्या व्याख्येवर थेट उडी, कंट्रोल-टी दाबलं की परत. प्रोग्रामिंग भाषाही कितीतरी चालतात.

पण फंक्शनचा एखादा पॅरामीटर (त्याला दिली जाणारी माहिती) बदलायचा, तर ते कुठून कुठून कॉल होतं हे आधी कळायला हवं. इथे बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत जन्मलेलं, २००० साली ओपन सोर्स म्हणून मुक्त झालेलं सीस्कोप सरस ठरतं. फंक्शनचं नाव टाका, कॉल करणाऱ्या सगळ्या ओळी फाइलसकट समोर! मात्र ते मुळात सी भाषेसाठीच. सीचा मोठा, अनोळखी कोड हातात आला की मी आधी सीस्कोपच उघडतो.